भाजलेली कॉफी गार करायचा डबा

गॅस बंद केला की भाजणं थांबलं, असं कॉफीच्या बाबतीत होत नाही. कढईतून उतरताना दाणा दोनशे-दोनशेदहा अंशांवर असतो आणि ती उष्णता बाहेर पडेपर्यंत त्याच्या पोटातलं काम चालूच राहतं. त्यात माझी कढई बिडाची, चांगली तीन किलोची. बिडाची उष्णता धरून ठेवायची ताकद मांडून पाहिली, तर अडीचशे ग्रॅम कॉफी भाजल्यावर जेवढी उरते तिच्या जवळपास चौपट उष्णता एकट्या कढईत साठलेली असते. म्हणजे खाली आच नसली तरी दाणे कढईत राहिले तर भाजतच राहणार. ते लगेच बाहेर काढायचे आणि बाहेर काढल्यावर लगेच गार करायचे. यातल्या दुसऱ्या कामासाठी मी एक डबा तयार केला आहे. दिसायला साधा आहे, पण तो आल्यापासून माझी कॉफी मला हवी तिथे थांबते. म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

मी बेळगावची. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघते, त्यामुळे गार करणं हा विषय मला दिवसभर पुरतो. बीड ओतल्यावर ते किती वेगाने गार होतं यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो. घाईने गार झालं तर पांढरं आणि कडक होतं, त्याच्यावर टूल चालत नाही. सावकाश गार झालं तर करडं होतं आणि मशीनवर नीट कापलं जातं. माल तोच, रस तोच, फरक फक्त शेवटच्या टप्प्यात. कॉफीत नेमकं उलटं आहे, तिथे घाई हवी. पण शेवटचा टप्पा मालाचा स्वभाव ठरवतो, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

कच्ची कॉफी आम्हाला चिक्कमगळूरूकडून येते. तिथल्या एका छोट्या बागायतदारांशी ओळख झाली, ते धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून मग वाळवलेली अरेबिका पाठवतात. व्यापारात तिला ‘प्लांटेशन’ म्हणतात आणि फळासकट वाळवलेल्या अरेबिकेला ‘चेरी’. माझ्याकडे येते ती बहुतेक एस-७९५ जातीची. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात १९४०च्या दशकात तयार झालेली ही जात आजही कर्नाटकातल्या बागांमध्ये भरपूर दिसते. तिच्यात एक हलकी चिंचेसारखी आंबट-गोड चव असते. ती मला फार आवडते, आणि भाजणं जरा पुढे गेलं की आधी तीच जाते. उडपी हॉटेलातली गडद, चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी मी आवडीने पिते, तिची मजा वेगळी. पण घरी भाजायची ती याच चवीसाठी.

भाजताना दाणा आधी पिवळा होतो, मग तपकिरी, आणि १९५-२००च्या पुढे कधीतरी तडतडायला लागतो. याला पहिली तडतड म्हणतात. दाण्यातल्या पाण्याची वाफ आणि वायू कोंडून दाणा उकलतो त्याचा तो आवाज. आणखी पुढे, २२५च्या आसपास, दुसरी तडतड सुरू होते. ती बारीक, घाईघाईची असते आणि तिथून तेल वर यायला लागतं. मला हवी ती जागा या दोन्हींच्या मध्ये, पहिलीच्या जवळ आहे. पहिली तडतड ओसरल्यावर दीड-दोन मिनिटांचा काळ महत्त्वाचा. या काळात दर पंधरा-वीस सेकंदांना वास बदलतो. इतक्या बारकाईने वेळ धरायची आणि मग उतरवलेले दाणे परातीत आपले आपण गार व्हायला पाच-सात मिनिटं सोडायचे, तर ती सगळी बारकाई पाण्यात जाते. तडतड संपून गेलेले दाणे परातीत पुन्हा तडतडताना मी ऐकले आहेत. ढिगाच्या मध्ये ते एकमेकांना भाजत असतात.

घरी भाजणारे बहुतेक जण परात आणि टेबल फॅन यावरच थांबतात. फॅन जोरात लावायचा, दाणे पसरायचे, हाताने खालीवर करत राहायचं. काही जण दोन चाळण्या घेऊन गच्चीवर जातात आणि दाणे एकीतून दुसरीत ओतत राहतात. हे दुसरं बऱ्यापैकी चालतं, कारण ओतताना प्रत्येक दाणा हवेतून जातो. आपला भडभुंजा हेच करतो. फुटाणे फुटले की गरम वाळूसकट चाळणीत, वाळू खाली आणि फुटाणे मोकळे, एक क्षण उशीर नाही. पण कॉफीला पापुद्रा असतो. दाण्याला चिकटलेली ती पातळ, चंदेरी साल भाजताना सुटते आणि ओताओतीत सगळीकडे उडते. पावसाळ्यात गच्ची नाही, मग स्वयंपाकघरात ते करणं अशक्यच.

पाणी शिंपडायचाही एक मार्ग आहे. मोठ्या कारखान्यांत तो सर्रास वापरतात. गरम दाण्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारतात, पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. माझ्या एका घाण्याला हिशेबाने पंचवीस-तीस मिलिलिटर पाणी पुरे होईल. तेवढंच, आणि तेवढंच वाफ होईल असं मोजून मारता आलं तर चांगलं. घरच्या फवाऱ्याने काही दाणे भिजतात, काही कोरडे राहतात. भिजलेला दाणा लवकर शिळा होतो. म्हणून पाणी मी बाजूला ठेवलं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावणं हा उपायही सुचवला जातो. तो करू नका, हे कळकळीने सांगते. भाजताना एखादा पापुद्रा धुमसत असतो, तो कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत आधीच्या कोरड्या धुळीवर जाऊन बसला तर आग लागायला वेळ लागत नाही.

आता टेबल फॅन का पुरत नाही, हे बघण्यासारखं आहे. अडीचशे ग्रॅम कच्च्या कॉफीचे भाजल्यावर साधारण २१२ ग्रॅम उरतात, पंधरा टक्के वजन जातं. भाजलेल्या कॉफीचा एक ग्रॅम एका अंशाने गार करायला सुमारे १.७ ज्यूल काढावे लागतात. २१०वरून ३०वर आणायचं, म्हणजे १८० अंश. गुणाकार केला की ६५ किलोज्यूल येतात. दुसऱ्या बाजूला हवा. बेळगावच्या उंचीवर एक घनमीटर हवा साधारण १.१ किलो भरते. ती दाण्यांमधून जाताना सरासरी ५० अंशांनी तापली, तर ५५ किलोज्यूल घेऊन जाते. म्हणजे सव्वा घनमीटरही हवा लागत नाही. एवढी हवा टेबल फॅन एक-दोन सेकंदांत फेकतो! तरी पाच मिनिटांनी ढिगात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, खुपसलं तर सत्तर-ऐंशी अंश दिसतात. हवा कमी पडते म्हणून नव्हे. ती दाण्यांच्या वरून जाते, मधून जात नाही म्हणून.

सगळा डबा या एका गोष्टीवर उभा आहे. हवेला दाण्यांमधून गेल्याशिवाय दुसरी वाटच ठेवायची नाही. पंखा मोठा हवा, जोरदार हवा, याच्या मागे लागायचं कारण नाही. वाट बंद हवी. म्हणून डब्याच्या तोंडावर चाळणी, चाळणीवर दाणे, आणि डब्याला जोडलेला पंखा हवा दाण्यांमधून खाली ओढतो.

घरात एक स्टीलचा धान्याचा डबा होता, दहा किलो ज्वारी बसेल असा. त्याच्या तोंडावर बसेल अशी चाळणी शोधत गणपत गल्लीतल्या भांड्याच्या दुकानात गेले. पिठाची आणि रव्याची चाळणी उपयोगाची नाही, तिची भोकं इतकी बारीक की पापुद्रा वरच अडकून जाळी बंद होते. गव्हाची चाळणी हवी. मी घेतली तिची भोकं ३ मिलीमीटरची, दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ५. अशा चाळणीचा एक तृतीयांश भाग मोकळा असतो, तेवढा हवेला पुरतो. प्लांटेशन ‘ए’ प्रतीचा कच्चा दाणा ६.६५ मिलीमीटरच्या चाळणीवर राहतो आणि भाजल्यावर तो आणखी फुगतो, त्यामुळे दाणा खाली पडायचा प्रश्न नाही. दुकानदार चाळणी पत्र्याची आहे की तारेची हे विचारत होते. पत्र्याचीच घ्या. तारेच्या जाळीत दाण्याची टोकं अडकतात आणि ढवळताना जाळी मध्ये खचते.

चाळणीचा व्यास २५ सेंटिमीटर आहे. तेवढ्यात २१२ ग्रॅम दाणे पसरले की थर दीड सेंटिमीटरचा होतो. थर पातळ असणं फार सोयीचं आहे, त्यामुळे लागणारा दाब अगदी कमी राहतो. पण दाब इतका कमी असला की फटींचं महत्त्व वाढतं. चाळणीच्या कडेने सगळीकडून ५ मिलीमीटरची फट राहिली, तर हिशेबाने जवळपास एक तृतीयांश हवा दाण्यांना न शिवता त्या फटीतून आत जाते. हवा आळशी असते, सोपी वाट मिळाली की तिकडेच वळते.

ती फट बंद करायला कुकरची रिंग कामाला आली. मोठ्या कुकरची सिलिकॉनची रिंग डब्याच्या काठावर बसवली, तिच्यावर चाळणीची कड. सिलिकॉन ही उष्णता आरामात सोसतं, आणि चाळणीच्या कडेपर्यंत तेवढी उष्णता येतही नाही. पंखा चालू झाला की आतल्या ओढीने चाळणी रिंगेवर आपोआप घट्ट दाबली जाते. क्लिप लागत नाही, स्क्रू लागत नाही. दाणे गार झाले, पंखा बंद केला की चाळणी नुसती उचलायची.

पंख्याचं मात्र दोन बाजूंनी बघावं लागतं. कॉम्प्युटरमधला १२ सेंटिमीटरचा पंखा सहज मिळतो आणि बऱ्याच जणांचं काम तिथून सुरू होतं. मोकळ्यावर तो भरपूर हवा देतो, पण समोर अडथळा आला की दमतो. त्याची पाती प्लॅस्टिकची, आणि पहिल्या काही सेकंदांत दाण्यांमधून येणारी हवा शंभर अंशांच्या वर असू शकते. स्वयंपाकघरातला सहा इंची, लोखंडी पात्यांचा एक्झॉस्ट फॅन त्याच्यापेक्षा बरा. पण त्याची मोटर त्याच गरम हवेच्या मध्ये बसलेली असते, शिवाय पापुद्रा तिच्यावर जाऊन बसतो. मी घेतला तो भट्टीचा ब्लोअर. खडेबाजारात हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, छोट्या लोहारकामाला आणि हॉटेलच्या भट्टीला वापरतात तो. त्याचं आवरण गोगलगाईच्या शंखासारखं असतं, मधल्या भोकातून हवा ओढतो आणि कडेच्या तोंडातून फेकतो. मोटर बाहेर असते, गरम हवेत येत नाही. लोक त्याची फेकणारी बाजू वापरतात, आपल्याला ओढणारी हवी.

खालून हवा मारली तर चालणार नाही का, असं कामावरच्या एकाने विचारलं होतं. गार होईल, पण पापुद्रा छतापर्यंत जाईल आणि धूर घरभर होईल. वरून खाली ओढलं की दाणे चाळणीवर बसून राहतात, धूर खाली जातो, पापुद्रा भोकांतून डब्यात पडतो. चेरी कॉफी भाजली तर पापुद्रा कितीतरी जास्त निघतो, तेव्हा हा फायदा विशेष जाणवतो.

डब्याला भोक पाडून ब्लोअर जोडायचं काम पत्र्याची कामं करणाऱ्या एका मामांकडे नेलं. त्यांनी डबा फिरवून फिरवून बघितला.

“अक्का, डबा नवाच हाय की ओ. ह्याला भोक कशाला पाडायचं म्हणतायसा?”

“कॉफी गार करायचीय मामा.”

“त्याला बशी असते की!”

मग मी त्यांना चाळणी, रिंग, ब्लोअर असं सगळं मांडून दाखवलं. त्यांना ते पटकन कळलं, आणि पुढचं डोकं त्यांचंच. मी पूर्ण गोल भोक कापून त्याला नळी चिकटवायचा विचार करून गेले होते. ते म्हणाले, स्टीलला साधा डाख धरत नाही, चिकटवलेलं हलवाहलवीत सुटणार. त्यांनी भोक मापापेक्षा लहान कापलं, मग त्याच्या कडेला चिरा दिल्या आणि त्या पाकळ्या एकेक करून पक्कडीने बाहेर वळवल्या. त्या पाकळ्यांवर पत्र्याचा गळा सरकवला आणि आरपार रिव्हेट मारले. पाकळीची धार बाहेरच्या बाजूला, गळ्याच्या आत दबलेली, त्यामुळे डबा आतून पुसताना हात कापत नाही. जोडावर आतून-बाहेरून सिलिकॉनचा लेप दिला. ब्लोअरच्या तोंडालाही त्यांनी त्याच मापाचा दुसरा गळा केला. दोन्ही गळे मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने जोडले, वर पाइपच्या क्लिपा आवळल्या. ट्यूबमुळे ब्लोअरची थरथर डब्यात उतरत नाही, नाहीतर चाळणीवरचे दाणे नाचत एका बाजूला जमतात.

गळा डब्याच्या तळापासून चार बोटं वर आहे. खाली पापुद्रा साठायला जागा हवी म्हणून. गळ्याच्या तोंडाशी आतून तारेची जाळी वाकवून बसवली आहे, म्हणजे पापुद्रा ब्लोअरच्या पात्यांत जात नाही. ब्लोअरच्या फेकणाऱ्या तोंडाला चिमणीचा अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप लावून तो खिडकीबाहेर काढला. भाजलेली कॉफी उतरवतानाच सगळ्यात दाट धूर निघतो, तो आता घरात थांबत नाही. शेजारच्या काकूंना मात्र कॉफी कधी भाजली ते तेवढ्यावरून कळतं.

एक गोष्ट विसरू नका. डबा स्टीलचा, गळा पत्र्याचा, आणि जोडलेली मोटर घरच्या विजेवर. तीन पिनांचा प्लग आणि डब्याला अर्थिंगची तार, दोन्ही हवंच.

आता तो दाब खरंच किती आहे, वाट खरंच बंद आहे का, हे तपासायचं होतं. दोन मिलीमीटर पाण्याइतका दाब नुसत्या डोळ्याने बघणं कठीण. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक पाइप घेतली आणि एका फळीवर ठोकली. तिची एक बाजू दहास एक अशा उताराने आडवी ठेवली आणि दुसरं टोक पाण्याच्या रुंद बाटलीत बुडवलं, म्हणजे तिकडची पातळी जवळपास हलत नाही. म्हणजे पाणी एक मिलीमीटर चढलं की पाइपवर ते दहा मिलीमीटर सरकलेलं दिसतं. पाण्यात नीळ घातली, मागे आलेखाचा कागद लावला. पाइपच्या आडव्या बाजूचं टोक डब्याला पाडलेल्या बारीक भोकात, बाटलीचं तोंड मोकळं. दाणे भरून ब्लोअर लावला तेव्हा निळी रेघ बावीस मिलीमीटरवर जाऊन थांबली, म्हणजे खरा दाब दोन मिलीमीटरपेक्षा थोडा जास्त. मग रिंग काढून चाळणी नुसती डब्यावर ठेवली. रेघ चौदावर उतरली. ब्लोअर तोच, दाणे तेच. त्या आठ मिलीमीटरांत मला रिंगेचं मोल दिसलं. ज्याला असा डबा करायचा असेल त्याने पंख्यावर पैसे घालण्याआधी ही फळी करावी. तिच्यात फट लपत नाही. चाळणीच्या कडेवर ओला हात फिरवत गेलं, की जिथे बोट ठेवल्यावर रेघ वर सरकते तिथे गळती आहे.

वापरायची रीत सोपी आहे. ब्लोअरचा आवाज मोठा आहे आणि तडतड ऐकायची असते, म्हणून तो आधीपासून लावत नाही. बोर्डाचा स्विच डाव्या हाताशी ठेवते. उतरवायचं ठरलं की डाव्या हाताने स्विच, उजव्या हाताने कढई चाळणीवर उपडी. पुढचे दहा सेकंद महत्त्वाचे. लाकडी उलथण्याने दाणे आधी एकसारखे पसरायचे, कारण कुठे टक्कल पडलं तर सगळी हवा तिथूनच जाते. मग सावकाश ढवळत राहायचं. वरच्या दाण्यांना ताजी गार हवा मिळते, खालच्यांना वरच्यांनी तापवलेली. ढवळलं नाही तर वरचे गार आणि खालचे गरम असा फरक राहतो.

अर्ध्या मिनिटात तडतड आणि धूर दोन्ही थांबतात. दीड मिनिटात दाणा हाताला कोमट लागतो. इथे मी लगेच ब्लोअर बंद करत नाही. दाण्याचं साल गार झालं तरी पोट गरम असतं. थर्मासमध्ये दाणे ओतून थर्मोकपल घालून पाहिलं, तर झाकण लावल्यावर काटा चार-पाच अंश वर चढतो. तेवढी पोटातली उष्णता काढायला आणखी अर्धं मिनिट देते. त्यापुढे मात्र नाही, विशेषतः पावसाळ्यात. ताज्या भाजलेल्या दाण्यात ओल जवळपास नसतेच, आणि बेळगावच्या जुलैतली हवा ओल देण्यात उदार असते. गार झालेल्या दाण्यांमधून ती हवा खेचत राहणं म्हणजे त्यांना मुद्दाम ओल पाजणं. मे महिन्यात दुपारी भाजली तर दाणे खोलीच्या तापमानापर्यंतच, म्हणजे छत्तीस-सदतीसपर्यंतच येणार, याहून गार ते होऊच शकत नाहीत. तेवढं चालतं. भाजणं थांबवायला शंभराच्या खाली लवकर येणं पुरे असतं, पुढचं सगळं साठवणीसाठी.

कॉफीत काय फरक पडला? सगळ्यात आधी एक घाणा दुसऱ्यासारखा यायला लागला. एकच कॉफी, एकच वेळ, एकच रंग, तरी पूर्वी कधी चिंचेची ती चव यायची आणि कधी नुसती भाजल्याची कडसर चव. हे कशामुळे होतं ते तपासायला मी एकाच भाजणीचे दोन भाग केले. अर्धे दाणे डब्यावर, अर्धे परातीत ढीग करून फॅनखाली. तीन दिवस ठेवून, दळून, साध्या कपात गरम पाणी ओतून दोन्ही प्यायले. परातीतली कॉफी वाईट नव्हती. पण ती सपाट होती. वास होता, कडवटपणा होता, आणि मध्ये जिथे काहीतरी उजळायला हवं तिथे काहीच नव्हतं. डब्यावरच्या कॉफीत ती चव होती, कप निवत गेला तशी आणखी वर आली. कोणता कप कुठला ते आईला सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही चाखले, डब्यावरचा जवळ ओढून घेतला आणि परातीतला माझ्याकडे सरकवला.

या डब्याचा आणखी एक फायदा भाजतानाच कळतो. आधी मी पुढे जाणारं भाजणं गृहीत धरून दाणे जरा लवकर उतरवायचे. किती लवकर, ते हवेवर, ढिगावर, नशिबावर. आता जिथे वास हवा तिथेच उतरवते. कान आणि नाक यांनी ठरवलेली जागा आणि कपात येणारी जागा एकच असते. कॉफी भाजणाऱ्या यंत्रांच्या इतिहासातही हे दिसतं. १८६४ साली जेबेझ बर्न्सने अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्याचं वैशिष्ट्य हेच होतं, की ड्रम आगीवरून न हलवता, फिरता असतानाच दाणे बाहेर रिकामे करता येत. भाजायचं तंत्र लोकांकडे आधीपासून होतं, वेळेवर थांबायचं त्याने दिलं.

डब्याच्या तळाशी साठलेला पापुद्रा दर वेळी काढून टाकायचा, पुढच्या वेळेसाठी ठेवायचा नाही. तो कागदाहून लवकर पेटतो. डबा स्टीलचा असल्यामुळे एखादी ठिणगी आत गेली तरी तो स्वतः पेटत नाही, पण तिला जळायला माल का ठेवायचा? माझा पापुद्रा गुलाबाच्या कुंड्यांत जातो. जाळी मऊ ब्रशने झाडायची, आणि महिन्यातून एकदा निळ्या पाण्याची रेघ बघायची. रिंग कडक झाली असेल तर तिथेच कळतं.

एक किलोसाठी असाच डबा करता येईल का, असं कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने विचारलं आहे. येईल, पण याच चाळणीवर चौपट दाणे ओतून नाही. थर सहा सेंटिमीटरचा झाला की तेवढीच हवा ओढायला दाब चौपट लागेल, शिवाय उष्णताही चौपट, म्हणजे वेळही चौपट. चाळणीचा व्यास दुप्पट करा, पन्नास सेंटिमीटर. क्षेत्रफळ चौपट होतं आणि थर दीड सेंटिमीटरच राहतो. दाब तोच लागेल, हवा मात्र चौपट, म्हणून ब्लोअर मोठा आणि गळाही दुप्पट व्यासाचा. एवढ्या मोठ्या चाळणीखाली मध्ये आधाराची पट्टी द्या, नाहीतर पत्रा मध्ये खचतो, दाणे मधोमध जमतात आणि कडेला टक्कल पडतं. कुकरची रिंग त्या मापात मिळणार नाही. सिलिकॉनची पोकळ दोरी मीटरवर मिळते, भट्टीच्या दारांना लावतात ती, तिचा वेटोळा करून टोकं तिरकी कापून चिकटवा. सरळ कापलीत तर नेमकी तिथेच फट राहील.